एकोडीचं पाणी

"मॅडम, तुमचे ब्लॉकवाले मेसेज बी येऊन गेले पाहा नव्या फोनमधी," दुकानवाला विनोद म्हणाला. "ठेवू का उडवू?"

तो काय विचारतोय ते रुचिताला आधी कळलंच नाही. शुक्रवारची दुपार होती, दवाखान्यात जेवणाची सुट्टी होती, आणि जुना फोन महिनाभर उठताबसता 'जागा नाही' म्हणून कुरकुरत होता, म्हणून ती नवा घ्यायला आली होती. विनोदने दोन्ही फोन काउंटरवर शेजारी शेजारी निजवले होते आणि जुन्यातलं सगळं नव्यात चाललं होतं. "राहू द्या," ती म्हणाली, कारण उडवा म्हणायला आत काय आहे ते आधी ठाऊक असावं लागतं. आत जाहिराती होत्या, बक्षीस लागल्याच्या थापा होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक नंबर होता. नाव नव्हतं, नाव तिनेच सात वर्षांपूर्वी पुसलं होतं. नंबर मात्र डोक्यातून पुसायची सोय अजून निघालेली नाही. सत्तावीस मेसेज. तिने पहिला उघडला. 'आई विचारून राहिली, तिनं पानी काहून नाही घेतलं? आपल्या घरचं पानी तिले चालत नाही काय?'

विनोद कव्हर दाखवत होता, निळं की काळं. तिने काळं म्हटलं आणि ते काउंटरवरच विसरून ती बाहेर आली. रस्त्यावर ऊन होतं, दिवाळी सरली तरी भंडाऱ्याचं ऊन काही सरलं नव्हतं. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. दवाखान्यातल्या मॅडम अशा पायरीवर बसलेल्या कोणी पाहिल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, पण तेव्हा तिला त्याची शुद्ध नव्हती. आपल्या घरचं पाणी तिला चालत नाही का. हा प्रश्न तिच्या घराण्यात कोणी कधी कोणाला विचारला नव्हता. तिच्या आजोबांना, पणजोबांना, आई पंचफुलाला जन्मभर या प्रश्नाची दुसरीच बाजू ठाऊक होती. आणि इथे एकोडी गावची एक म्हातारी, त्या नंबरवाल्याची आई गोदावरीबाई, तिलाच तो विचारत होती, सात वर्षांपासून विचारत होती, आणि उत्तर कोणी दिलं नव्हतं.

रुचिता समुपदेशक होती. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला तिची खोली होती, तीत दोन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि टेबलावर प्लास्टिकचा मेंदू. त्या मेंदूचे अकरा तुकडे सुटे व्हायचे. बाराव्याला, म्हणजे भीती सांभाळणारा जो बदामाएवढा भाग असतो त्याला, कोणत्या तरी बाईंच्या मुलाने पळवलं होतं. तिथे रुचिता खराच बदाम ठेवायची. तो दर आठवड्याला स्वागताच्या टेबलावरच्या सुलोचनाबाई खाऊन टाकायच्या, म्हणून पुढे तिने शेंगदाण्यावर भागवलं. प्रेमात तोंडघशी पडलेली पोरं-पोरी येत, कोणी साकोलीहून, कोणी पवनीहून, घरी 'डोळे तपासायला चाललो' सांगून. त्यांना ती मेंदू उघडून दाखवायची. हे बघ, एखादं माणूस आवडतं तेव्हा इथे डोपामाइन पाझरतं, मेंदूला त्याची चटक लागते. माणूस गेलं की चटक जात नाही, म्हणून तू दर पाच मिनिटांनी फोन बघतोस. आणि हे इथे, शरीराला लागलं की जो भाग दुखतो, साधारण तोच कोणी झिडकारलं की दुखतो. म्हणजे तू नाटक करत नाहीस, तुला खरोखर लागलंय. हे ऐकून पोरं रडायची. आपलं दुःख खरं आहे असं कोणीतरी शिकलेल्या माणसाने म्हटलं की निम्मं हलकं होतं, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. मग ती शेंगदाणा उचलून दाखवायची. हा तुमचा पहारेकरी. हा विचार करत नाही, फार घाईत असतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यायला लावतो तो हाच. आणि मग औषध: नव्वद दिवस. नव्वद दिवस बोलणं नाही, पाहणं नाही, नंबर बंद. एकदा डोकावलं की पुन्हा पहिल्या दिवसापासून. हा नव्वदचा आकडा नेमका कुठल्या संशोधनातला, ते तिला कधी सापडलं नव्हतं. पण त्या आकड्याने तिला स्वतःला बरं केलं होतं, आणि त्याहून मोठा पुरावा तिला लागत नव्हता. 'माझ्या ओळखीची एक मुलगी होती,' असं म्हणून ती स्वतःचीच गोष्ट पोरांना सांगायची, आणि त्या मुलीचं शेवटी चांगलं व्हायचं.

त्या मुलीला सचिन भेटला होता तो तिच्या दंडाला रबरी पट्टी बांधताना. तो रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होता, एकोडीचा, धानाची शेती असलेल्या घरातला. आणि ती आसगावच्या बौद्ध वस्तीतली, आईच्या रोवणी-कापणीच्या मजुरीवर आणि शिष्यवृत्तीवर नागपुरात एम. ए. झालेली. सुई टोचताना तो म्हणाला होता, "इकडे नोका पाहू, माह्याकडे पाहा." तिने पाहिलं. पुढचं चौदा महिने चाललं. वैनगंगेच्या पुलावर मोटारसायकल उभी करून पाण्याकडे बघत बसायचं, लॅब सुटल्यावर बसस्टँडजवळ चहा प्यायचा, एकमेकांच्या डब्यातली भाजी खायची, एवढ्यालाच हल्लीची पोरं डेटिंग म्हणतात. तेव्हाही तिला शिकवायची खोड होतीच. "तुला मी आवडते हे मी नाही, डोपामाइन आहे," ती म्हणायची, "फार फार तर अठरा महिने टिकतं. मग उतरतं." तो विचार केल्यासारखा करून म्हणाला होता, "मंग एकोणिसाव्या महिन्यात पाहू ना." ती हसली होती. आपण त्याला हरवलं असं तिला वाटलं होतं आणि त्यानेही तिला तसं वाटू दिलं होतं.

पायरीवर बसून तिने एकामागून एक मेसेज वाचले. सत्तावीसांतले बरेच अगदी साधे होते. 'धान कापून झाला.' 'आज लॅबमधे एक म्हातारी आली, तुह्या आईसारखी बोलत होती.' 'फोन लागून नाही राहिला, बिघडला काय?' पहिले चार-पाच दिवस त्याला वाटत होतं की फोन बिघडला. सहाव्या दिवशीचा लांब होता. 'मले आता समजलं तुले काय वाटलं असंल. तू तसं समजली काय? तो गिलास वेगळा नव्हता. म्हणजे वेगळाच होता, पण तसा नाही. तो माह्या आजीचा आहे. सून म्हणून पहिल्यांदा जे येते तिले आमच्याकडे त्याच्यातच पानी देतात. आईनं सकाळपासून चिंचेनं घासला होता. बाबा नाराज होते, मी खोटं नाही बोलत. पण आई नव्हती.'

हा मेसेज तिने तीनदा वाचला. मग फोन पालथा मांडीवर ठेवला आणि समोरच्या हातगाडीवरच्या सीताफळांकडे बघत राहिली.

सात वर्षांपूर्वी सचिन तिला पहिल्यांदा घरी घेऊन गेला, तेव्हाही कापणीचेच दिवस होते. एकोडीच्या घरासमोर धानाचे भारे पडले होते. घरात गोमाजी, सचिनचे वडील, पाटावर ताठ बसलेले. शेजारची एक बाई उगाच आलेली, म्हणजे पाहायला आलेली. आणि सचिन उभाच, कुठे बसावं ते न सुचून. गोमाजींनी विचारलं, "गाव कोनतं?" आसगाव. "कोन्या बाजूचं?" आसगावात कोणत्या बाजूला कोण राहतं हे साकोली तालुक्यातल्या माणसालाही कळतं, कारण सगळ्याच गावांत ती बाजू असते. तिने सांगितलं. गोमाजी 'हं' म्हणाले आणि "बैल पाहून येतो" म्हणत परसाकडे निघून गेले. इथे तिच्या डोक्यातला पहारेकरी उठून बसला. मग गोदावरीबाई पाणी घेऊन आल्या. ताटलीत स्टीलचे पेले होते, एक शेजारणीला दिला, एक सचिनला. तिला दिला नाही. आत गेल्या, कोनाड्यातून काहीतरी काढल्याचा आवाज झाला, आणि त्या पितळेचा एक जुना पेला घेऊन आल्या. तिचा वेगळा.

पंचफुलाचा कप वळचणीला असायचा. ज्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ती वर्षानुवर्षं रोवणी करायची त्यांच्या गोठ्याच्या वळचणीला, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, खाली खोचलेला, कान तुटलेला, आत चहाचा थर धरलेला. रोवणीच्या दिवसांत दुपारी पंचफुला तो स्वतः काढायची, स्वतः धुवायची, पुढे धरायची. वरून चहा ओतला जायचा. मग पुन्हा धुऊन पुन्हा खोचायचा. रुचिता सात वर्षांची होती, आईच्या लुगड्याला धरून उभी होती. तिने विचारलं होतं, तुझा कप घरात का नाही ठेवत? पंचफुला म्हणाली होती, "आपला आपल्याजवळ असला म्हंजे हरवत नाई." चिखलाने माखलेले आईचे पाय, तो कप, आणि चहा ओतणाऱ्या बाईचा हात, जो मुद्दाम दीड वीत वर होता. हे सगळं तिच्या डोक्यातल्या त्या शेंगदाण्यात वीस-बावीस वर्षं शाबूत होतं. एकोडीला पितळेचा पेला पुढे आला तेव्हा रुचिताने काही विचार केला नाही. विचाराला वेळच मिळाला नाही. घसा कोरडा पडला, इतका कोरडा की पाणी हवंच होतं, आणि तिने पेला हातात न घेता म्हटलं, "नको. तहान नाही." गोदावरीबाई पेला धरून उभ्या राहिल्या. किती वेळ, ते आता सांगता येत नाही. मग त्यांनी तो खिडकीत ठेवला. रुचिता उठली. परतताना मोटारसायकलवर ती काही बोलली नाही आणि सचिनला वाटलं ती बाबांमुळे रागावली, म्हणून तोही लाजून गप्प राहिला.  घरी येऊन तिने त्याचा नंबर ब्लॉक केला.

आणि काय सुरेख बरी झाली ती! वहीत रोजचा दिवस खोडत गेली. पहिले दहा दिवस हात फोनकडे जायचा, तिने त्याची नोंद ठेवली. विसाव्या दिवशी झोप लागू लागली. चाळिसाव्या दिवशी सचिन दवाखान्यात आला. सुलोचनाबाई आत येऊन म्हणाल्या, "तो लॅबवाला आला आहे, काय सांगू?" आणि तिने म्हटलं, नागपूरला गेल्या म्हणून सांगा. खिडकीच्या फटीतून तिला त्याची पाठ दिसली. हातात हेल्मेट होतं, आणि ते तो या हातातून त्या हातात करत होता. फाटकाशी तो थांबला, वळला नाही, गेला. त्या दिवशी तिने वहीत चाळीस खोडून शेजारी बरोबरची खूण केली होती. मोह झाला नाही याची शाबासकी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण ही तर स्वतःही ते ब्रह्मज्ञान पाळत होती, त्याचंच तर सगळं वाटोळं झालं. पाळलं नसतं, एक दिवस घसरली असती, चोरून एक मेसेज पाहिला असता तरी पुरलं असतं. पुढे तो भंडाऱ्याची लॅब सोडून गावाकडे गेल्याचं कळलं. चार वर्षांपूर्वी त्याचं लग्न झाल्याचंही सुलोचनाबाईंनीच सांगितलं, आणि तिला फारसं काही वाटलं नाही. 'जखम भरली' असं तिने स्वतःला सांगितलं होतं. आता पायरीवर बसून तिला प्रश्न पडला की मुळात जखम होती का, की जिथे काहीच लागलं नव्हतं तिथे आपण नव्वद दिवस पट्टी बांधून ठेवली आणि खालचं धडधाकट मांस सुकवून टाकलं.

शेवटचा मेसेज एप्रिलमधला होता. 'आज एकोणिसावा महिना लागला. मी अजून आहे.' त्यानंतर काही नव्हतं.

तीन वाजता लाखांदूरची मुलगी आली. बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, दोन तास एस. टी.ने यायची, आणि आज तिचा एक्केचाळिसावा दिवस होता. तिने बसल्या बसल्या सांगितलं की झोप येते, जेवण जातं. मग ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "मॅडम, एक विचारू? त्यानं काही लिहून ठेवलं असंल तं? म्हंजे कारण वगैरे? मी पाहूनच नाही राहिली ना."

रुचिताने सवयीने शेंगदाणा उचलला. तिच्या तोंडात उत्तर तयार होतं, कारण शोधणं हासुद्धा चटकेचाच एक प्रकार असतो, हे तिने याच खुर्चीत बसून शंभर वेळा सांगितलं होतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही होतं. या मुलीला त्या मुलाने दोनदा मारलं होतं. हिला पाहू नको म्हणणंच बरोबर होतं. तिने शेंगदाणा परत मेंदूत ठेवला. "तुझ्या बाबतीत नको," ती अखेर म्हणाली. "तुला कारण ठाऊक आहे. त्याने हात उचलला, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. ज्याला कारण ठाऊक नसतं, नुसतं वाटलेलं असतं, त्याने आधी विचारावं. मग नव्वद दिवस मोजावे." मुलीने मान डोलावली. हे मॅडमचं नवीन काहीतरी आहे, एवढं तिला कळलं असावं, कारण जाताना दारातून तिने एकदा वळून पाहिलं.

मग रुचिता एकटी बसली आणि पेला आठवू लागली. सात वर्षं तिने तो अनेकदा आठवला होता, गोष्टीत सांगितलाही होता, आणि दर वेळी तो काळपट, पोचे आलेला, कडांना हिरवट झालेला असा होता. पण आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी काढली की ती ओली होते, आणि त्या वेळचा हात तिच्यावर उमटून पुन्हा वाळते, हे तिच्याच पहिल्या तासाचं भाषण होतं. मग पेल्यावर हिरवट कोणी चढवलं? आता डोळे मिटले तर तिला गोदावरीबाईंची बोटं दिसत होती, ओली, टोकं तपकिरी, नखांत चिंचेचा चोथा. ती खरंच पाहिली होती का? की मेसेज वाचल्यावर आत्ताच रंगवली? हे तिला सांगता येईना. सांगू शकणारी एकच बाई होती, आणि ती साठ किलोमीटरवर अजून जिवंत असेल तर असं समजून बसली होती की एका पोरीने तिचं पाणी नाकारलं. सचिन गेला तो गेला, ते आता वरातीमागून घोडं होतं. त्याच्या संसाराच्या वाटेला जायची तिची इच्छाही नव्हती. पण त्या म्हातारीच्या मनातलं एवढं तरी काढून टाकायला हवं होतं. पाणी नाकारल्याचं दुःख काय असतं हे कोणाला ठाऊक नसेल तर चालेल; रुचिताला ठाऊक नाही असं म्हणता आलं नसतं.

शनिवारी सकाळी तिने आसगावला फोन लावला. पंचफुला आता रोवणीला जात नव्हती, गुडघे गेले होते, पण आवाज तसाच बांधीच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाईल असा होता.

"आई, उद्या एकोडीले जाऊन राहिली."

"कायले? त्या पोराचं तं लगन झालं ना?"

रुचिताने सगळं सांगितलं. त्या वेळी, सात वर्षांपूर्वी, तिने आईला फक्त 'जमलं नाही' एवढंच सांगितलं होतं. पेल्याचं सांगितलं नव्हतं. ज्या बाईने वीस वर्षं वळचणीचा कप धुतला तिला, पोरगी एम. ए. झाली तरी पुन्हा तेच झालं, हे सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. आईने आधी पेल्याचंच विचारलं.

"पितळेचा होता?"

"हो."

"घासलेला?"

"चिंचेनं घासला होता म्हणे. सकाळपासून."

"बाई," पंचफुला म्हणाली, "जो गिलास आपल्यासाठी येगळा ठेवतेत ना, थ्याले कोनी चिंच लावत नाई. थो आपल्यालेच धुवा लागते. मले काहून नाई इचारलं तू? एका सबदात सांगतलं असतं."

 भंडारा, नागपूर, ग्रंथालयं, तो प्लास्टिकचा मेंदू. आणि या विषयातलं सगळ्यात जाणतं माणूस आसगावात चुलीपुढे बसलेलं होतं, त्याला वाईट वाटेल म्हणून आपण विचारलं नाही.

"तुहा कसूर नाई," आई म्हणाली. "थो कप मीच तुले दाखवला. डोये झाकाले पायजे होते तुहे." मग तिने नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "रिकाम्या हातानं नोको जाऊ. काई नेजो."

रविवारी साकोलीपर्यंत बस आणि पुढे काळीपिवळी जीप. पिशवीत पेढे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी चालली होती. काही बांध्यांत बायका वाकलेल्या, काहींत यंत्र. गाडीत ती मनात वाक्यं जुळवत होती. मी तुमचं पाणी नाकारलं नव्हतं. मला वाटलं तुम्ही मला नाकारलंत. नाही, हे म्हटलं तर पुन्हा त्यांच्यावरच जातं. मला माफ करा, मी तुम्हाला ओळखलं नाही. पण ओळखण्याची सोय त्यांनी तरी कुठे ठेवली होती, पिढ्यान्‌पिढ्या त्या बाजूने पितळ निघालं ते फक्त आपल्या माणसांसाठी, मग एक दिवस न सांगता पुढे केलं तर समोरच्याने काय समजावं? तिला त्या म्हातारीची दया येत होती आणि मधूनच रागही येत होता, आणि दोन्ही खरे होते. एकोडी आलं तेव्हा तिच्याजवळ एकही धड वाक्य नव्हतं.

घर तेच होतं, वर पत्रे नवे. दारात एक तिशीची बाई धान सुपात घोळत होती. ती सचिनची बायको रीता. "थे तं लॅबमधी गेले, साकोलीले. रविवारी बी चालू राहते," ती म्हणाली. "कोन आले म्हनून सांगू?" रुचिता म्हणाली, भंडाऱ्याची, जुन्या ओळखीची, तुमच्या सासूबाईंना भेटायला आले. रीताने चेहरा उजळून तिला आत नेलं. पाटाच्या जागी आता प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. गोमाजी एका खुर्चीत बसले होते, थकलेले, ऐकायला कमी येणारे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही कोण जाणे, पण उठले नाहीत. बैल पाहायला जायला आता दारात बैलच नव्हते, ट्रॅक्टर होता. गोदावरीबाई आतून भिंतीला धरत आल्या. फार बारीक झाल्या होत्या. समोर बसून त्यांनी डोळ्यांवर हात धरला, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तू थे भंडाऱ्याची ना?"

"हो."

 रीताने ताटलीत पाणी आणलं. चार पेले, स्टीलचे, एकसारखे. सासऱ्यांना एक, सासूला एक, पाहुणीला एक, चौथा तिचा स्वतःचा. रुचिताने पेला घेतला आणि तिची नजर कोनाड्याकडे गेली. तो तिथे होता, पालथा ठेवलेला. काळपट नव्हता. त्याला एकही पोचा नव्हता. खिडकीतल्या उजेडात त्याचा काठ पिवळा चमकत होता, आणि आपण सात वर्षं कोणता पेला आठवत होतो ते तिला कळेना. रीताच्या ते लक्षात आलं. तिला वाटलं पाहुणी शहरातली, जुन्या भांड्याचं कौतुक असेल. ती हसून म्हणाली, "थो पाहुण्याईले नाई देत, ताई. थो घरचा आहे."

गोदावरीबाईंनी मान खाली घातली.

रुचिताने स्टीलचा पेला ओठाला लावला आणि प्यायली. थांबली नाही. विहिरीचं पाणी होतं, गार, किंचित मातकट गोड. घशातून खाली जाताना ते तिला कळत होतं. तळाशी गेल्यावरही तिने पेला तोंडाशी तसाच धरून ठेवला, कारण तो खाली केला असता तर तिचा चेहरा दिसला असता.

"त्या दिसी नोती पेली," गोदावरीबाई हळू म्हणाल्या.

"नाही. चुकलं माझं. मला वाटलं—"

"मालूम आहे मले काय वाटलं. सचिननं मंग सांगतलं." म्हातारी पदराने पेल्याची कड पुसत होती, उगाचच. "माह्यं बी चुकलं. सांगून द्याचं होतं का बाई हे असं असं आहे. मले वाटलं, तुले समजन. आमच्यात समजते ना."

"आमच्यात वेगळंच समजतं," रुचिता म्हणाली.

"हो," गोदावरीबाई म्हणाल्या. "थे मंग समजलं."

रीता दोघींकडे पाहत होती. तिला यातलं काही कळलं नव्हतं, आणि कळावं असं दोघींपैकी कोणालाच वाटत नव्हतं. "आनखी देऊ काय पानी?" तिने विचारलं. रुचिता द्या म्हणाली, आणि दुसरा पेलाही पूर्ण प्यायली. मग तिने पेढे दिले, तब्येतीचं विचारलं, गोमाजींना मोठ्याने बोलून नमस्कार केला. त्यांनी हात जोडले. चहा झाला. काळीपिवळीची वेळ झाली म्हणून ती उठली, वाकली, आणि गोदावरीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो पाणी पुसलेला ओला हात होता.

अंगणातून तिने एकदा मागे पाहिलं. रीता पेले गोळा करून मोरीवर घेऊन चालली होती. चारही पेले तिने एकात एक घातले होते. सगळे सारखे. त्यांतला आपला कोणता, हे रुचिताला आता सांगता आलं नसतं.